खांद्यावर उघडणारा ब्लाऊज

"कोणता हात?" वाल्मीक मेश्रामांनी फोनवर विचारलं आणि पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला.

"गेलं गिऱ्हाईक," स्वयंपाकघरातून शैलाताई म्हणाल्या. "शंभरदा सांगितलं तुम्हाला, आधी नमस्कार करा, दोन शब्द बोला, मग हात विचारा."

"नमस्कार केला होता."

"मग फोन माझ्याकडे द्यायचा. परका पुरुष ब्लाऊजचं माप विचारतोय म्हटल्यावर कोणती बाई बोलेल?"

शैलाताईंनी पिठाचे हात धुतले आणि तोच नंबर परत लावला. "बहनजी, वो मेरे हज़बंड हैं, सिलते वही हैं। मम्मीजी का कौन-सा हाथ नहीं उठता?" यावर पलीकडच्या बाई पंचवीस मिनिटं बोलल्या. आईचा हात, भावांची पळवाट, रात्रीची आया. माप शेवटच्या दोन मिनिटांत मिळालं. असंच व्हायचं. या बायकांना ब्लाऊज हवा असायचा हे खरं, पण त्याआधी कुणीतरी विचारायला हवं असायचं.

वाल्मीकराव दिल्लीतल्या एका मंत्रालयाच्या डिस्पॅच सेक्शनमधून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पाकिटं बंद केली, पत्ते लिहिले, पत्रं रवाना केली. त्यांची उत्तरं यायची ती दुसऱ्या सेक्शनला. त्यामुळे आपण पाठवलेल्याचं पुढे काय झालं, हे विचारायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. असा माणूस शिलाईकडे वळला तो आईमुळे.

आईची, पार्वतीबाईंची, डावी बाजू अर्धांगाने गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाऊन घाला, सोपं पडेल. पार्वतीबाईंनी गाऊन एकदाच अंगावर घेतला आणि दिवसभर जेवल्या नाहीत. "मले काय दवाखान्यात ठेवलं आहे काय? मी माह्या लेकाच्या घरी आहो. लुगडं-ब्लाऊज द्या." पण लुळा हात बाहीत घालताना त्या अशा कळवळायच्या की शैलाताईंच्या डोळ्यांना पाणी यायचं. मार्केटमधला मास्टरजी म्हणाला, माप द्यायला आंटीला दुकानात आणा. तेव्हा वाल्मीकरावांनी नागपूरहून आईबरोबर आलेलं तिचंच मशीन पुसलं आणि तीन ब्लाऊजची वाट लावली. चौथा जमला. डाव्या बाजूला गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत तो पूर्ण उघडायचा. हात कुठे घालायचाच नाही, हाताभोवती ब्लाऊज गुंडाळायचा आणि टिचबटणं लावायची. पुढे वेल्क्रोची पट्टी. पार्वतीबाई चार वर्षं लुगडं-ब्लाऊजमध्ये राहिल्या आणि तशाच गेल्या.

आई गेल्यावर सकाळी सहाला उठून करायचं काय, हा वाल्मीकरावांपुढे मोठा प्रश्न होता. चार वर्षं दिवसाला आकार होता: औषध, अंघोळ, व्यायाम, ब्लाऊज. पेन्शन बँकेत जमा व्हायची, माणूस मात्र कुठेच जमा होत नव्हता. तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, ऑनलाइन काहीतरी सुरू करा.

लुंबिनी गुरुग्रामला अशाच ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत होती. सल्ले मात्र सगळ्या मयूर विहारातून आले. खालच्या मजल्यावरचे विलासराव म्हणाले, भाजणी विका. कुणी म्हणालं, संत्राबर्फी. वाल्मीकराव म्हणाले, सगळंच ठेवू, दुकान म्हणजे भरलेलं दिसलं पाहिजे. लुंबिनीने कपाळाला हात लावला होता. "बाबा, सगळ्यांना सगळं विकायला मोठे लोक बसलेत. आपण थोड्या लोकांना एकच गोष्ट द्यायची. अशी, की जी त्यांना दुसरीकडे मिळतच नाही. याला निश म्हणतात. तुम्हाला अशी कोणती गोष्ट येते?"

वाल्मीकराव उठले आणि आईच्या कपाटातून ब्लाऊज घेऊन आले.

याला आठ महिने झाले. आज शनिवार. लुंबिनी घरी होती आणि लॅपटॉप उघडून बसली होती.

"बाबा, निश छोटी असावी, पण इतकी पण छोटी नाही यार. एक्केचाळीस कस्टमर. परत किती आले? दोन. कुमुदताई आणि ते नोएडावाले. नोएडावाले पण आता फोन उचलत नाहीत."

"त्यांच्या सासूबाई गेल्या असतील."

"एक्झॅक्टली! मी तेच म्हणते. आपला कस्टमर परत येतच नाही. बिझनेस असा नाही चालत." तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन हसत होती. "फीडिंग ब्लाऊज. टिचबटणं तीच, कटिंग जवळपास तेच, तुमचाच हात. फक्त उघडायचं पुढून. मार्केट शंभर पट. मी पेज बनवून ठेवलंय. जुनं बंद करून हे लाइव्ह करायचं. दोन्ही तुमच्याच्याने होणार नाही, तुम्ही एकटे शिवता. संध्याकाळपर्यंत सांगा, चलेगा?"

पोरगी चुकीचं काहीच बोलत नव्हती, पंचाईत तीच होती. बाळंतिणींनाही ब्लाऊज हवेतच. पण फीडिंग ब्लाऊज शिवणारे दिल्लीत पैशाला पासरी. त्यांच्यात एक मेश्राम असला काय नि नसला काय. आईच्या खाटेशेजारी बसून जे शिकलो ते फक्त आईपुरतंच होतं, असं एकदा कबूल करायचं आणि कपाट बंद करायचं. एवढंच संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं, आणि वाल्मीकरावांना ते जड जात होतं.

तेवढ्यात कुमुद रामटेक्यांचा मेसेज आला. 'भाऊ, आता ब्लाऊजची गरज उरली नाही. चार जुने तुमच्याकडे द्यायचे आहेत. जमलं तर आज घरी याल का? द्वारका.'

वाल्मीकरावांनी तो दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

"काय झालं?" शैलाताईंनी विचारलं. मग स्वतःच वाचलं. "अरेरे. त्यांच्या आई, राधाबाई पण?"

"तसंच दिसतंय."

"फोन करून विचारा तरी."

"काय विचारू? गेल्या का म्हणून?"

लुंबिनीने लॅपटॉप मिटला. वाल्मीकरावांनी अंघोळ करून पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली. कोपऱ्यावरच्या दुकानातून मेणबत्त्यांचा पुडा घेतला. घरातून निघताना शिलाईची छोटी पिशवी सवयीने खांद्याला लावली, ती मेट्रोत बसल्यावर लक्षात आली. मयूर विहार ते द्वारका, सव्वा तास. राधाबाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की उजवा हात, दंड बारीक, आणि गळा फार खोल नको. रस्ताभर ते सांत्वनाची वाक्यं जुळवत राहिले. एकही धड जुळलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. आत कुणीतरी हळूहळू पाय ओढत आलं. कडी खूप वेळ खुडबुडत राहिली, मग दार उघडलं. समोर एक ठेंगणी म्हातारी, हिरवी साडी, एका हातात काठी.

"कोण पाहिजे जी?"

"मी... मेश्राम. ब्लाऊजवाला."

"अगंबाई! कुमुद, तुझे ते भाऊ आले!" म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पांढरे कपडे घालून कोणाच्या लग्नाले चालले जी?"

आम्हा बौद्धांकडे नवरानवरी पांढऱ्यातच उभी राहतात, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. "हो, म्हणजे तसंच," असं काहीतरी वाल्मीकराव पुटपुटले. पण पिशवीतून डोकावणारा मेणबत्त्यांचा पुडा कुमुदताईंना दिसला, आणि त्यांनी तोंडावर हात घेतला.

"भाऊ! तुम्हाला वाटलं की आई... अरे देवा, माझा मेसेज!"

राधाबाईंनी मुलीकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं, पाहुण्याच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या.

"मले पोचवाले आले होते काय हो तुम्ही?"

"माफ करा आजी. माझं चुकलं."

"चुकलं काय? एवढ्या लांबून आले. इकडे तर शेजारचे पण येत नाहीत. लावा एक मेणबत्ती बुद्धापुढे, आणली आहे तर."

वाल्मीकरावांनी मेणबत्ती लावली. हात जोडताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला रडू येतंय, आणि ते आनंदाचं आहे की कसलं, ते सांगता येत नाही.

चहा झाला. मग राधाबाईंनी त्यांना भिंतीशी नेलं. भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, एकावर एक. फिजिओथेरपीवाली रोज त्यांना बोटांनी भिंत चढायला लावायची आणि बोटं पोचतील तिथे रेघ मारायची. पहिली रेघ कमरेच्या वर, शेवटची थेट कपाळाच्या. दीड वर्षाच्या रेघा. राधाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, उजवा हात उचलला, आणि बोटं थरथरत शेवटच्या रेघेला नेऊन लावली.

वाल्मीकराव पाहत राहिले. त्यांच्याही घरी भिंतीवर अशा रेघा होत्या, पण दोनच. तिसरी कधी मारावी लागली नव्हती. क्षणभर त्यांना या म्हातारीचा हेवा वाटला, आईच्या वाटणीचं हिनेच कसं घेतलं असा. मग स्वतःची लाज वाटली, आणि ते पटकन म्हणाले, "वा आजी, बिल्कुल वर पोचलात!"

कुमुदताईंनी चारही ब्लाऊज आणून ठेवले. "आई म्हणते, हे बदलून द्या. नवीन घेणार नाही म्हणते."

"कापड चांगलं आहे, टाकाले कशाला पाहिजे?" राधाबाई म्हणाल्या. "हा खांदा शिवून टाका जी. आणि पुढचं ते चरचर वाजते ते काढा. सगळ्या बायांसारखे हुक लावा."

वाल्मीकराव खिडकीशी बसले. छोट्या कात्रीने टिचबटणं एकेक करून काढली, वेल्क्रोचे टाके उसवले. आपलीच शिलाई उसवायची म्हणजे शिवण्यापेक्षा जास्त जपावं लागतं, कापड दुखावून चालत नाही. खांदा त्यांनी बारीक हातशिलाईने बंद केला, गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत. मग पिशवीतल्या डबीतून पाच हुक काढून लावले. तास-दीड तास गेला. बाकीचे तीन घरी मशीनवर करू, म्हणाले.

"हा मी आत्ताच घालून पाहते," राधाबाई म्हणाल्या. कुमुदताई उठल्या तशी त्यांनी हात आडवा केला. "तू बस." खोलीचं दार लागलं.

बाहेर दोघं बसून राहिली. आत पाच मिनिटं काहीच आवाज नाही. मग काठी पडल्याचा आवाज आला. कुमुदताई ताडकन उठल्या.

"आई, येऊ का?"

"नको म्हटलं ना!"

"थांबा जरा," वाल्मीकराव हळूच म्हणाले. "त्यांना करू द्या."

त्यांचा मोबाइल वाजला. लुंबिनी होती. "बाबा, तिकडे... सगळं ठीक? रडत वगैरे आहेत का? सॉरी, पण पेजचं काय करू?"

"राधाबाई बऱ्या झाल्या," ते म्हणाले. "हात वर जातो. त्यांना आता आपले ब्लाऊज नकोत."

"अच्छा! किती छान!" तिने लगेच हिशोब केला. "म्हणजे बाबा, आता एकही रिपीट कस्टमर उरला नाही."

"नाही उरला."

"मग नवीन पेज लाइव्ह करते ना?"

"नको. आपलं तेच राहू दे."

"बाबा, लोक परत येणार नाहीत."

"न येऊ देत," वाल्मीकराव म्हणाले. "त्यात काही नुकसान नाही बेटा. सकाळी फोन ठेवून दिला त्या बाईंच्या आईचं माप तुझ्या आईने लिहून ठेवलंय, तेवढं काढून ठेव. डावा हात आहे."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग लुंबिनी म्हणाली, "ठीक आहे, काढते."

खोलीचं दार उघडलं. राधाबाई दारात उभ्या होत्या, घामाघूम. पदर एका बाजूला घसरलेला, त्यांनी तो मुद्दामच सावरला नव्हता. पाचही हुक लागले होते. दुसरा हुक तिसऱ्याच्या घरात गेला होता, त्यामुळे ब्लाऊजची एक बाजू बोटभर वर चढली होती.

कुमुदताईंचा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी तो मागे घेतला.

"बसला का बरोबर?" राधाबाईंनी विचारलं.

"एकदम बरोबर," वाल्मीकराव म्हणाले.