बाळाबाई सिस्टरची सही

मी सही केली, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून गेलेलं बरं.

आमच्या मंडळीत मला सगळे सिस्टर म्हणतात. मिशनच्या दवाखान्यात सदतीस वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकांवर जी डोकी दिसतात, त्यातली निम्मी तरी माझ्या हातावर आलेली. त्यामुळे त्यांच्या टकलांचा आणि हुद्द्यांचा मला काडीचा धाक वाटत नाही.

धैर्यशीलही माझ्याच हातावर आला. चौतीस वर्षांपूर्वी, मोनाच्या पोटी. तेव्हा मी बाहेर येऊन मुलगी झाली म्हणून सांगितलं होतं. त्याचं जुनं नाव मी इथं घेणार नाही. त्यानं ते टाकलं, मग मी कशाला उचलू? त्या नावानं तो शाळा शिकला, पुण्याला जाऊन पाळकाचं शिक्षण घेतलं आणि डीकन झाला. डीकन म्हणजे अर्धा पाद्री म्हणा. उपदेश करायचा, आजाऱ्यांना भेटायचं, पण प्रभुभोजनाच्या भाकरीवर आशीर्वाद मागायचा अधिकार नाही. तो पाळकाची दीक्षा मिळाल्यावर. वारणानगरच्या कामगार वसाहतीत दोन वर्षं काम करून त्यानं मोठी रजा घेतली. परत आला तो आवाज बदलून, हनुवटीवर चार केस घेऊन आणि सरकारचं नवीन ओळखपत्र घेऊन. पहिल्याच रविवारी वेदीसमोर उभा राहून म्हणाला, "माझं नाव धैर्यशील. मी पहिल्यापासून मुलगाच होतो. तुम्हाला सांगायला मला उशीर झाला."

मला राग आला. तो काय आहे याचा नव्हे. सगळ्या मंडळीला सांगितलं त्याच वेळी मलाही सांगितलं, याचा. ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा धरलं, त्या बाईला वेगळं बोलावून एक शब्द सांगायला काय झालं होतं? मी आठवडाभर त्याच्या नमस्काराला नमस्कार केला नाही.

पण माणूस कामाचा होता, हे रागातही दिसत होतं. आमच्या चर्चमध्ये तेव्हा डावीकडं पुरुष आणि उजवीकडं बायका बसायच्या. जोतिबाच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवणारी आक्का गाणी ऐकायला यायची. आक्का तृतीयपंथी. ती दारातच उभी राहायची, कारण डावीकडं गेली तरी माणसं सरकत आणि उजवीकडं गेली तरी सरकत. एका रविवारी गीत चालू असताना धैर्यशील झगा सावरत वेदीकडून सरळ दारापर्यंत आला आणि आक्काशेजारी पायरीवर बसला. तिथूनच गायला. पुढचे दोन रविवार तेच. चौथ्या रविवारी कमिटीनं लाजेकाजेनं ठराव केला की ज्याला जिथं बसायचं तिथं त्यानं बसावं. त्यात माझी पंख्याखालची जागा गेली. तिथं आता एक ढेरपोट्या प्लंबर बसतो आणि उपदेश सुरू झाला की घोरतो.

धैर्यशील तेवढ्यावर थांबला नाही. गावोगावच्या मंडळ्यांत जाऊन सांगायचा, दारात आलेल्याला बाई की बाप्या हे विचारू नका, जेवलास का ते विचारा. प्रांताच्या सभेत त्यानं तसा ठराव मांडला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा पास झाला.

आणि मग त्याच्या पाळकाच्या दीक्षेची तारीख ठरली. आमच्याकडं जुनी रीत आहे. दीक्षेआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये वाचून दाखवतात की अमक्याला दीक्षा द्यायची आहे, कुणाची सबळ हरकत असेल तर बिशपसाहेबांना लेखी कळवावं. माझ्या उभ्या जन्मात कुणी कधी कळवलेलं नाही. लोक त्या वेळात चष्मा पुसतात.

दुसऱ्या रविवारनंतर, मंगळवारी दुपारी, गणपतराव माझ्या घरी आले. गणपतराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. त्यांचं नाव त्यांच्या आजोबांचं, घराणं ख्रिस्ती होण्याच्या आधीचं, आणि ते बदला असं त्यांना कुणी कधी म्हटलं नाही. त्यांनी टाईप केलेला कागद पुढं केला.

"सिस्टर, तुम्ही खोटं कधी बोलत नाही."

"न्हाय बोलत."

"मग यात काही खोटं आहे का, तेवढं बघा."

कागदावर तीनच ओळी होत्या. अमुक तारखेला मोना यांची प्रसूती मी स्वतः केली आणि त्यांना मुलगी झाली. तारीख बरोबर. बाकीही बरोबर. कागद कशासाठी, ते मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण माझा तो तीन वर्षांचा राग पोटात तसाच बसला होता, आणि त्याला त्या दुपारी तोंड फुटलं. मी सही ठोकली. गणपतरावांनी शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, चहा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी बाजारात मोना भेटली. चेहरा उतरलेला.

"सिस्टर, कुणीतरी हरकत घेतलीया. दीक्षा थांबणार म्हणत्यात. त्याला हापिसात कागद लावायला बसवणार."

"आणि तो काय म्हणतोय?"

"तो म्हणतोय, आपल्याच मंडळीला मी नको असेन तर या गावात ऱ्हायचं कशाला. बॅग काढून ठेवलीया." मोनानं पदर तोंडाला लावला. "नवरा गेला, आता हे पोरगं बी जाणार."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी भाजीवालीच्या डोक्यावरच ठेवणार होते, इतकी माझी शुद्ध गेली. मोनाला मी काही बोलले नाही. तिच्या तोंडाकडं बघून सही माझी आहे असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. सदतीस वर्षं दुसऱ्यांना "कळ सोस" म्हणून ओरडले, आणि स्वतःवर आली तेव्हा पळाले.

तशीच रिक्षानं गणपतरावांकडं गेले. कागद परत द्या म्हटलं. ते म्हणाले, "कालच बिशपसाहेबांच्या ऑफिसात नेऊन दिला. आणि खऱ्याला भ्यायचं काय?"

पुढचे नऊ दिवस मी बाजाराला गेले नाही, मोना भेटेल म्हणून. देवापुढं बसले की प्रार्थना सुरू व्हायची आणि त्या तीन ओळींवर येऊन अडायची.

दहाव्या दिवशी सकाळी बिशपसाहेब आले. चर्चच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. एका बाजूला गणपतराव, दुसऱ्या बाजूला धैर्यशील आणि मोना, आणि मध्ये मी, साक्षीदार म्हणून. बिशपसाहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मोनानं तो वाकून बघितला. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"सिस्टर, ही सही तुमचीच?"

"माझीच साहेब. पेन बी माझंच."

"आणि यात लिहिलंय ते खरं आहे?"

"खरं हाय." मोनानं डोळे मिटले. मी म्हटलं, "पण मला अजून बोलायचंय. बोलू?"

"बोला."

"साहेब, मूल बाहेर आलं की आम्ही त्याला टाचेला धरून उलटं करायचो. रडलं की एकदा खाली बघायचं आणि बापाला जाऊन सांगायचं. दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांत मी त्याचं दुसरं कायबी बघितलं न्हाय. ते हसणार कसं, कुणाच्या मदतीला धावणार, कुणाशेजारी पायरीवर बसणार, मला काय ठाऊक? मी एक जागा बघितली आणि सांगितलं. आता त्या दोन सेकंदांवर तुम्ही आख्ख्या माणसाचा निकाल लावणार व्हय?"

गणपतराव खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे सिस्टर, तुम्ही सांगितलं ते चुकलं म्हणायचं?"

"चुकलं की. चुकायला काय झालं? त्या प्लंबरच्या वेळी मी मूल गेलं म्हणून सांगितलं हुतं. बाजूला कापडात गुंडाळून ठेवलं. दहा मिनिटांनी ट्याहां केलं त्यानं. आज माझ्या पंख्याखाली बसून घोरतंय. तेव्हा माझी सही दाखवून त्याला पुरला असतासा काय?"

बिशपसाहेब खाली मान घालून हसले. हसू आवरून त्यांनी गणपतरावांना विचारलं, "याच्या वागणुकीबद्दल तक्रार आहे? शिकवणुकीबद्दल?"

गणपतरावांनी चष्मा काढून हातात घेतला. माणूस हट्टी, पण खोटा नव्हे. म्हणाले, "नाही. माझी पत्नी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा चार महिने रोज संध्याकाळी येऊन तिला स्तोत्र वाचून दाखवायचा. ती दुसऱ्या कुणाला वाचू द्यायची नाही."

"मग हरकत काय राहिली?"

"मला हे समजत नाही, साहेब. एवढंच राहिलं."

"समजत नाही ही हरकत होत नाही, गणपतराव. ते तुमचं आणि माझं काम आहे, सावकाश करू." त्यांनी कागदाची घडी घातली. "याला डीकनची दीक्षा देताना मी याच्या डोक्यावर हात ठेवला होता. ते डोकं तेच आहे. पाळकाची दीक्षा ठरल्या दिवशी, इथंच होईल."

नऊ दिवस छातीवर कुणी जातं ठेवलं होतं आणि ते एकदम काढून घेतलं, असं झालं. मी खुर्चीतच बसून राहिले आणि मोठ्यानं "हुश्श" केलं, बिशपसाहेबांसमोर. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

बाकीचे बाहेर गेल्यावर धैर्यशील मागं थांबला. मी त्याच्याकडं न बघताच म्हटलं, "मी सही केली. मला माफ कर."

"सही तुमची आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, सिस्टर. बिशपसाहेबांनी कागदाचा फोटो पाठवला होता. माझ्या लसीच्या कार्डावर तीच सही आहे."

"मग भांडायला का आला न्हाईस?"

"आलो असतो तर तुम्ही हट्टाला पेटला असता."

"पेटले असते," मी कबूल केलं. आणि मग इतक्या वर्षांचं ते बाहेर पडलंच. "मला आधी का सांगितलं न्हाईस रं? सगळ्यांच्या रांगेत बसवून सांगितलंस मला."

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "तीन वेळा तुमच्या दारापर्यंत आलो होतो. एकदा तर कडीला हात लावला. पण भीती वाटली. बाकी कुणी नाही म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. तुम्ही नाही म्हटलं असतं, तर मी पुढं कुणालाच सांगू शकलो नसतो."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडले. नर्सनं रडू नये असं आम्हाला शिकवलं होतं. पण मला रिटायर होऊन तेरा वर्षं झालीत.

दीक्षेच्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. आक्का मधल्या बाकावर, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि शेजारी कुणी सरकलेलं नव्हतं, कारण सरकायला जागाच नव्हती. बिशपसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची काही हरकत?" सगळं शांत झालं. आणि त्याच क्षणी गणपतराव खोकले. आख्खी मंडळी मागं वळून बघायला लागली. गणपतरावांनी दोन्ही हात वर केले. "खोकला आहे हो. नुसता खोकला!" एवढं हसू त्या चर्चमध्ये नाताळातही झालं नसेल. हसू थांबल्यावर सगळे एका आवाजात म्हणाले, "हा योग्य आहे." मीही म्हटलं. माझा आवाज सगळ्यात मोठा निघाला असं प्लंबर नंतर म्हणाला, त्या दिवशी तो जागा होता.

मग नव्या पाळकानं पहिल्यांदा भाकर मोडली आणि रांगेनं प्रत्येकाच्या हातावर ठेवत आला. दुखत असतानाही मी गुडघे टेकले होते. ज्या हातांनी त्याला पहिल्यांदा धरलं, त्याच हातांवर त्यानं तुकडा ठेवला.

उपासना संपल्यावर अंगणात मोना माझ्याकडं आली. चौकशीच्या त्या सकाळनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मी तिला दोष देत नव्हते. हातात मिठाईचा मोठा डबा होता. अजून कुणाला दिलेला नव्हता, वरची दोरी माझ्यासमोरच सोडली तिनं. आत पेढे.

आता आपल्याकडं मुलगी झाली की बर्फी आणि मुलगा झाला की पेढे, हा भेद मला कधीच आवडला नाही. वॉर्डात मी त्यावरून कित्येक बापांना झापलंय. मोनाच्या नवऱ्यानं तेव्हा बर्फी वाटली होती, आणि पहिला तुकडा माझ्याच हातावर ठेवला होता.

मोनानं पेढा उचलला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला खणखणीत निघाला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"घ्या सिस्टर. मुलगा झाला."

मला साखरेचा आजार आहे. मी तो पेढा अख्खा खाल्ला, आणि दुसरा मागितला.