म्हशीवर बसलेला सिंह

झुलाल नानांच्या विहिरीवर अख्खं गाव लोटलं होतं. काठावर जलानंदबाबा उभे, आणि त्यांच्या हातात नानांच्या बायकोची, भिकुबाईंची, लोणच्याची काचेची बरणी. बरणीत दगड, दगडांवर कॅमेरा.

"पाण्याच्या पोटात देवी बसलीय," बाबा म्हणाले. "चर्मचक्षूंना दिसायची नाही. मी मंतरलेल्या रोललाच दिसते."

गिरधर फोटोवाल्याने आपोआप फोटो निघायची कळ ओढली, झाकण आवळलं आणि बरणी दोरीने भराभर पाण्यात सोडली.

असाच पहिला फोटो जळगावहून धुऊन आला होता. काळ्याशार पाण्यात सिंहावर बसलेली देवी, समोर निरांजन. पाण्याखाली निरांजन तेवत होतं, पण ते कुणाला खटकलं नाही. लगेच बाबांचं फर्मान निघालं: देवीची झोप मोडते, मोटर बंद.

नाना कीर्तनाचे वेडे. बुवांनी नुसता गजर धरला तरी त्यांचे डोळे भरून यायचे. फोटोपुढेही हात जोडले गेले. पण पाण्यावाचून पिवळ्या पडलेल्या केळीच्या बागेकडे नजर गेली की जोडलेले हात सुटायचे.

"देवी शे तठे," भिकुबाई विहिरीकडे बोट दाखवून दटावायच्या. "मोटरनं नाव काढू नका."

"मग बठ्ठी केळी वाळी जाई," नाना सगळ्या बागेवरून हात फिरवत म्हणायचे.

बरणी वर आल्यावर, त्याच दुपारी बाबा मांडे हाणून आंब्याखाली घोरायला लागले. नाना गिरधरजवळ सरकले.

"गिरधरभाऊ, माझ्या म्हशीचा एक फोटो काढ ना. आणि एक माझा."

"नाना, रोल मंतरलेला आहे. बाबांनी भरूनच दिलाय."

"मग बरंच झालं. म्हैसही जरा पवित्र होईल."

जळगावहून फोटोंचं पाकीट आलं, तेव्हा बाबांनी ते गर्दीसमोर ऐटीत उघडलं. पहिला फोटो: विहिरीत देवी. हात जोडले गेले. दुसरा: म्हशीवर सिंह, सिंहावर देवी, समोर तेच निरांजन. म्हैस निवांत रवंथ करत होती.

शेजारचे वनाभाऊ म्हणाले, "सिंह पाठीवर बसला तरी हिने चारा सोडला नाही."

"देवी सर्वत्र आहे, मूर्खांनो," बाबा गरजले.

"हे कीर्तनात रोजच ऐकतो," नाना म्हणाले. "पण मग माझ्यावर का रुसली?" तिसऱ्या फोटोत नानांच्या पांढऱ्या धोतरावर नुसता पुसट डाग होता.

नानांनी घरातून लेकीच्या लग्नाचा, गिरधरनेच केलेला अल्बम आणून उघडला. त्यात जावई कमळात बसला होता.

"हे कसं केलं, गिरधरभाऊ?"

"एकाच फिल्मवर दोनदा फोटो," गिरधर म्हणाला आणि मग स्वतःच चपापला. "म्हणजे बाबांनी कॅलेंडरवरच्या देवीचे फोटो काढून रोल आधीच संपवला, मागे गुंडाळला आणि तोच परत कॅमेऱ्यात घातला. वरून काळं काही टिपलं की देवी उठून दिसते. पांढऱ्यात हरवते."

"म्हणून विहीर," नाना म्हणाले. "बाबा, आता दुकानातून नवा रोल आणू. आमच्यासमोर भरा."

"आज मुहूर्त नाही," म्हणत बाबा झोळी उचलून निघाले. भिकुबाई मागे धावल्या. "बरणी ठेवा माझी."

मोटर धडधडली. पाटात पाणी आलं, तसे नानांनी डोळे मिटून हात जोडले. या वेळी ते सुटले नाहीत.

मंडळी, देवाला खुशाल हात जोडा. फक्त त्याचा फोटो कुणी दाखवला, तर आधी विचारा, रोल कुणी भरला होता.