हे बरं, की ते?

बाई समोर आली की भाऊजींची दातखीळ बसायची. चेष्टा नाही, खरंच. चष्म्याच्या दुकानात मागे बसून भाऊजींनी काचा घासायच्या आणि पुढे गिऱ्हाइकांशी वहिनीनं बोलायचं, अशी वाटणी होती. भाऊजी त्यात अगदी सुखात होते.

पण शनिवारी सकाळी वहिनीचा घसा बसला. आणि नेमकं डोळे तपासायला कोण यावं? ड्रायव्हरबाई! जिच्या बसमध्ये भाऊजी रोज सकाळी पुढच्या सीटवर बसायचे आणि जिच्याशी वर्षभरात 'हं'च्या पलीकडे एक अक्षर बोलले नव्हते, तीच.

"सोमवारपासून मला दुसरा रूट दिलाय, पार गावाबाहेरचा," ती म्हणाली. "त्याआधी नंबर बघून घ्यावा म्हटलं."

भाऊजींच्या काळजात धस्स झालं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही! वहिनीला आपल्या दिराचं दुखणं चांगलं ठाऊक होतं. बोलता येत नव्हतं म्हणून तिनं नुसते डोळे वटारले आणि त्यांना तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत ढकललं.

अंधारात मात्र गंमत झाली. तपासणीतलं बोलणं ठरलेलं असतं, त्याला काही डोकं चालवावं लागत नाही. भाऊजींनी ड्रायव्हरबाईच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, खुटखुट केलं आणि विचारलं, "हे बरं, की ते?"

"सारखंच."

"आता? हे बरं, की ते?"

"अहो, सारखंच आहे."

"नीट बघा हं…"

ड्रायव्हरबाईनं फ्रेममधून आरपार बोट घालून पापणी खाजवली. "काच घालायची राहिली वाटतं."

दोन्ही काचा भाऊजींच्या घामेजल्या मुठीत! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती अशी खो खो हसत सुटली की भाऊजीही हसायला लागले, आणि हसण्याच्या भरात तोंडावरचा ताबाच सुटला. "चहाला उद्या बरं, की परवा?"

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. खोलीच्या पडद्यामागे वहिनी कान लावून उभी होती.

"अंधारात काय, कुणीही विचारेल," ड्रायव्हरबाई म्हणाली. "दिवा लावा आणि मग बोला."

दिवा लागला. ती समोर, अगदी हातभर अंतरावर. भाऊजींचे कान लालबुंद झाले. पडद्याआडून वहिनी काहीतरी खरखरली, बहुतेक शिवीच असावी.

"मला तुमची बस आवडत नाही," भाऊजी म्हणाले.

झालं! वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला.

"फार हलते हो. मळमळतं मला. आणि खरं सांगू का, मी या दुकानाच्या वरच राहतो. जिना उतरलं की काम. तरी रोज सकाळी तुमच्या बसमध्ये चढतो, सगळ्या गावाला वळसा घालतो आणि परत इथंच उतरतो." भाऊजींनी एकदाचा श्वास घेतला. "तुमच्यासाठी."

ड्रायव्हरबाईनं फ्रेम काढून मांडीवर ठेवली. तिचेही कान लाल झाले होते.

"माहितीये," ती म्हणाली. "जिथं चढता तिथंच उतरता. मला आरशात दिसतं सगळं. वर्षभर वाट बघतेय, हा माणूस कधीतरी तोंड उघडेल म्हणून."

भाऊजींनी मुठीतल्या काचा खाली ठेवल्या.

"उद्या सुट्टी आहे मला," ती म्हणाली. "पायीच जाऊ. कुठंतरी पोचू तरी."