पहिले हजार किलोमीटर

मी एक छोटी गाडी बोलतेय. राखाडी रंगाची, चार दारांची. मला मागे टाकताना तुम्ही कधीतरी काच खाली करून दोन शब्द सुनावलेही असतील. राग नाही. पण आज माझं थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेर पडायच्या दिवशी मला फिरत्या रुळांवर चढवलं आणि जागच्या जागी शंभरावर पळवलं. तपासणाऱ्या माणसाने कान देऊन ऐकलं, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "पळते की पोरगी!" कौतुकाचा तो शब्द मी अजून जपून ठेवलाय.

मला विकत घेतलं एका कवळ्या बनवणाऱ्या कारागिराने. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हे गृहस्थ दिवसभर मान खाली घालून लोकांच्या हसण्याची सोय करतात. स्वतः मात्र हसायला कंजूष. कामाची जागा घरापासून अकरा किलोमीटरवर. वीस वर्षं दोन बस बदलून गेले, मग कंबर कुरकुरायला लागली, तेव्हा मी आले. पहिल्या दिवशी बुटांवरची प्लास्टरची भुकटी झटकून, पुन्हा एकदा झटकून, मगच आत बसले. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाव नाही.

"अहो, बसलं की करकर वाजतंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"वाजू दे. नवेपणा टिकतो."

शेजारच्या सीटवर दादा. मालकांचे थोरले भाऊ. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, धाकट्याच्याच घरी राहणारे. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच धाकट्याला वाढवलं. सायकल, पोहणं, दाढी करणं, सगळं त्यांनीच शिकवलेलं. दादांचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवर बोट आपटून सांगितलं, "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. नवं इंजिन म्हणजे लहान लेकरू. आत्ता ताणलंस तर जन्मभर खोकत बसेल."

"आणि हजार झाल्यावर?"

"मग त्या मोठ्या रस्त्यावर नेऊ. तेव्हा एकदा माझ्या हातात दे. गाडी कशी पळवतात ते दाखवतो तुला."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, दादा, तो नियम तुमच्या जुन्या बसचा. माझं बालपण कारखान्यातच उरकलंय. समोरच्या कप्प्यातल्या पुस्तिकेत ते छापलेलंही होतं. पण ज्या घरात दादा आहेत, तिथे पुस्तिका उघडतो कोण?

तर आम्ही चाळीसने जाऊ लागलो. रोज सकाळी दादा सोबत येत आणि कामाच्या जागेशी उतरून रमतगमत बसने परत जात. मागून हॉर्नचा नुसता धुमाकूळ. कामावरचे लोक विचारत, "काय, आज बैल दमले वाटतं?" मालक ओशाळायचे. दादा म्हणायचे, "बोलू दे त्यांना. त्यांच्या तोंडाला कुठे पेट्रोल लागतं!"

संध्याकाळी दोघे भाऊ काच पुसून आकडा बघायचे. चारशे बारा. सहाशे चौतीस. सुट्टीची वाट बघणाऱ्या पोरांसारखी ही पिकल्या केसांची माणसं हजाराची वाट बघत होती. मला असं दबून चालण्याची लाज वाटायची, पण कुणीतरी आपल्याला इतकं जपतंय, याचं सुखही होतं.

आठशे एकाहत्तरच्या सकाळी दादा बसले ते दाराला धरून. चेहऱ्याचा रंग उतरलेला.

"काय झालं, दादा?"

"काही नाही रे, पित्त. छातीत जळजळतंय. जाताजाता दवाखान्यात सोड."

दोन चौक ओलांडले आणि त्यांच्या कपाळावरचा घाम ओघळून सीटच्या प्लास्टिकवर पडायला लागला. डावा हात त्यांनी उजव्या हाताने घट्ट धरला. मालकांनी ते पाहिलं. "दवाखाना नको. सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊ," म्हणाले आणि त्यांचा पाय खाली गेला. पंचेचाळीस. बावन्न. समोर रस्ता मोकळा होता. माझ्या अंगात वारं भरलं.

तेवढ्यात दादांचा हात मालकांच्या गुडघ्यावर आला.

"चाळीस. इंजिन नवं आहे."

"दादा, खड्ड्यात जाऊ दे ते इंजिन!"

"सांगितलेलं ऐक. तुझी गाडी आहे ती."

आणि मालकांनी ऐकलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्या आवाजापुढे तो अजून सायकलच्या दांडीवर बसलेला धाकटाच होता. काटा चाळीसवर उतरला आणि तिथेच राहिला. मी काय करणार? बळ माझं, पण पाय त्यांचा. सात किलोमीटर आम्ही तसेच गेलो. लोक हॉर्न वाजवत पुढे निघून जात होते. शेवटच्या वळणाआधी गुडघ्यावरचा हात घसरून गिअरपाशी पडला. मग मालकांनी मला पळवलं. पण आता पळायला रस्ताच उरला नव्हता.

दुपारी मालकीणबाई रिकाम्या सीटकडे न बघता मागे बसल्या. मालक म्हणाले, "विचारलं मी डॉक्टरांना. पाच मिनिटं आधी आणलं असतं तर?"

"मग?"

"सांगता येत नाही, म्हणाले."

'नाही' म्हणाले असते तर बरं झालं असतं. 'हो' म्हणाले असते तरी माणूस एकदा रडून मोकळा झाला असता.

पंधरा दिवसांनी कसलासा कागद शोधताना मालकांच्या हाताला ती पुस्तिका लागली. त्यांनी तिचं प्लास्टिक फाडलं आणि पानं उलटता उलटता एका ओळीवर थांबले. इंजिन कारखान्यात चालवून तयार केलेले आहे. पहिल्या दिवसापासून नेहमीच्या वेगाने चालवावे. नखात प्लास्टर अडकलेलं बोट त्या ओळीवरून दोनदा फिरलं. मग पुस्तिका नीट मिटून त्यांनी पुन्हा कप्प्यात ठेवली. घरात कुणालाही सांगितलं नाही.

हजार झाले त्या संध्याकाळी ते कामावरून मला मोठ्या रस्त्यावर घेऊन गेले. आकडा फिरला. शेजारच्या सीटकडे बघून हळूच म्हणाले, "झाले, दादा." मी सज्ज होते. पाय काही खाली गेला नाही.

काही दिवसांनी मालकीणबाईंनी विचारलंच, "आता तरी जरा पळवा की हो. झाले ना तुमचे हजार?"

मालकांनी समोरच्या कप्प्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज पळाली, तर त्या दिवशीही पळाली असती."

त्यानंतर मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

आज माझ्या आकड्यात सहा हजार आहेत. शेजारच्या सीटवरचं प्लास्टिक तसंच आहे, घामाच्या वाळलेल्या डागांसकट. मला पळायची हौस होती, ती आता उरलेली नाही. एवढंच मागणं आहे: मोकळ्या रस्त्यावर एखादी राखाडी गाडी चाळीसने चाललेली दिसली, तर हॉर्न वाजवू नका. बाजूने निघून जा. मला पळता येतं, हे आत बसलेल्या माणसाला माहीत आहे.