फळ्यावरचं ‘हे’

कॉलेजातली मुलं त्यांना खडूसर म्हणत. त्यातला खडू सरांना मान्य होता. खडूस त्यांनी कधी मनावर घेतला नाही. एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि अजून बोटांना पांढरी पूड लागल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. तास रंगायचा. शेवटी त्यांनी “कळलं का?” विचारलं की साठ मुलं एका सुरात “कळलं!” म्हणायची. मास्तराला आणखी काय हवं असतं?

म्हणून विषय बदलण्याचा अर्ज टेबलावर आला तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं. अर्ज पहिल्या बाकावरच्या मुलीचा होता. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण, घरच्यांशी भांडून हा विषय घेतलेला, आणि दीड महिन्यात तो सोडायला निघालेली. मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत होती. एकदा सोडलेला विषय पुन्हा घेता येत नसे, म्हणजे सरांची सही झाली की तिचं गणित कायमचं सुटणार. ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द टाइप केला होता: ‘हे’.

“वाक्य अर्धवट राहिलंय तुझं,” सर म्हणाले.

“नाही सर, तेवढंच कारण आहे. ऐकवू?”

तास रेकॉर्ड करायची परवानगी सरांनीच मोठ्या मनाने दिली होती. तिने फोनवर आदल्या दिवशीचा तास लावला, आणि सरांचा आवाज सरांच्याच खोलीत घुमू लागला. “आता बघा, हे इथून निघालं, असं वर गेलं. इथं आलं की हे वळतं. म्हणजे ह्याचं हे किती झालं? शून्य! मग ते तिकडे टाकलं की हे असं. कळलं का?” मागोमाग साठ जणांचं “कळलं!”

“एका तासात एकशे बारा ‘हे’,” ती म्हणाली. “‘ते’ आणि ‘असं’ मोजले नाहीत. कंटाळा आला.”

“अगं, मग विचारायचंस ना!”

“विचारलं होतं, पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, तासानंतर भेट. मी भेटले, तर तुम्ही कागदावर काढून दाखवलंत.”

सरांचे कान गरम झाले. विचार करतो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवला. खरं सांगायचं तर ती गेल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की सही करून टाकावी, पोरीची फरफट तरी थांबेल. मग लक्षात आलं की फरफट थांबणार होती ती त्यांची स्वतःची, आणि त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

बायको वॉशिंग मशीनच्या तक्रार केंद्रात नोकरीला होती. बावीस वर्षं तिने न पाहिलेली यंत्रं न पाहिलेल्या माणसांकडून फोनवर दुरुस्त करून घेतली होती. घरी आल्यावर सरांनी तिला सगळं सांगितलं आणि मुलीकडून मागून घेतलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. सहानुभूतीची अपेक्षा होती. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“अहो, मी लग्नापासून तुम्हाला ‘हे’ म्हणते. हे झोपलेत, हे चिडलेत. सगळ्यांना बरोबर कळतं, कारण घरात हे एकच आहेत. तुमच्या फळ्यावर किती ‘हे’ आहेत?”

सर मनातल्या मनात मोजू लागले.

“फोनवर मी ‘हे बटण दाबा’ म्हटलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. डावीकडून दुसरं, गोल, निळं, असं सांगावं लागतं.” तिने कागद-पेन्सिल घेतली आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. “सांगा तुमची आकृती. मी काढते.”

पहिल्या संध्याकाळी कागदावर नाक आलं. “कुणाचं हो हे, तुमच्या मोठ्या भावाचं का?” बायकोने विचारलं. दुसऱ्या संध्याकाळी नाकाचा डोंगर झाला. तिसऱ्या संध्याकाळी पाठीमागून पाहताना सरांना आपली वक्ररेषा तिच्या कागदावर जशीच्या तशी उतरलेली दिसली, आणि भर दिवाणखान्यात त्यांनी टाळी वाजवली.

शुक्रवारी तास सुरू होताच सरांनी आधी वह्या मिटायला लावल्या. “परवाची रेषा कशी जाते? कोण सांगतं?”

मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा ऐटीत उठला. “सर, ते हे इथून असं येतं, मग हे…” त्याचा हात हवेत फिरत राहिला आणि वर्ग खोखो हसला. पहिल्या बाकावरची मुलगीही हसत होती. सर हसले नाहीत. एकतीस वर्षांचं ते “कळलं!” त्यांच्या कानात वाजत होतं.

मग ते शब्द शोधत शोधत बोलू लागले. “एक्सचा घन, वजा तीन एक्स. रेषा डावीकडे खूप खालून येते. चढत चढत एक्स उणे एक असताना माथ्यावर पोचते. माथ्याची उंची चार. तिथून उतरते, शून्यातून जाते…” एका रेषेला पंधरा मिनिटं लागली. अशाने पोर्शन कधी संपणार, असं कुणीतरी कुजबुजलं, आणि सरांनाही तीच धास्ती होती.

“सर,” पहिल्या बाकावरून आवाज आला, “उंची चार कशी?”

सरांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर चार लिहिलं होतं. मिटलेल्या साठ वह्यांतही चारच होते.

“उणे एकाचा घन उणे एकच ना? त्यात तीन मिळवले की दोन होतात.”

सरांनी चार पुसून दोन लिहिले, आणि मोठ्याने सांगितलं की आपण चार पुसून दोन लिहिले आहेत. तिने मान डोलावली आणि पुढचं ऐकायला कान टवकारले. इतके दिवस ही चूक पकडायची संधीसुद्धा आपण हिला दिली नव्हती, हे सरांच्या जिव्हारी लागलं.

संध्याकाळी पाच वाजता ती त्यांच्या खोलीत येऊन बसली. सरांनी ड्रॉवर उघडला.

“हे घे,” ते बोलून गेले.

“काय, सर?”

सरांनी जीभ चावली. “तुझा अर्ज. सही केलेली नाही. तुला हवी असेल तर आत्ता करतो, तो तुझा हक्क आहे. टेबलावर ठेवलाय, तुझ्या उजव्या हातापासून वीतभर पुढे.”

तिचा हात वीतभर पुढे सरकला आणि बोटं बरोबर कागदावर टेकली. तिने कागदाची चौकोनी घडी घातली.

“सही नको, सर,” ती घडी पिशवीत टाकत म्हणाली. “पण अर्ज माझ्याकडेच राहू दे. पुन्हा हे-ते सुरू केलंत, तर तुम्हाला दाखवायला लागेल.”