लेखकाच्या खोलीतून

तिकिटाचा कपटा मुठीत चुरगाळत ती जिना चढू लागली. नवऱ्याला सांगितलं होतं, सुतळी आणायला जाते. उद्या सकाळी सामानाची गाडी येणार, कायमचं मुलाकडे राहायला जायचं, घरभर खोकी पसरलेली, आणि ही बाई रस्ता ओलांडून सरळ समोरच्या घरात शिरली होती.

समोरचं घर एका थोर लेखकाचं. ते गेल्यावर घराचं स्मारक झालं. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीत समोरच्या खिडकीत केस वाळवत बसणारी एक बाई आहे. बोलत नाही, काही करत नाही, नुसती उन्हात बसते. पण वाचणाऱ्यांचा तिच्यावर भारी जीव. लांबलांबून माणसं यायची आणि लेखकाच्या खोलीतून हिच्या खिडकीकडे टक लावून बघायची.

"तुझे भक्त आले गं," नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. "जा, दर्शन दे."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

ती पडदा ओढून घ्यायची. पण ओढता ओढता केसांवरून एकदा हात फिरवायचीच. लग्न होऊन आली तेव्हा ते गुडघ्यापर्यंत होते, आणि याच खिडकीत बसून ती ते वाळवायची. नवऱ्यानं त्यांच्याबद्दल एकदाच काय ते तोंड उघडलं होतं, मोरीत अडकतात म्हणून. आपल्याला कुणीतरी मन लावून पाहिलं होतं, एवढ्या एका समजुतीवर तिनं अख्खा संसार हसतमुखानं ओढला. खात्री करून घ्यायची मात्र छाती झाली नव्हती. नसलोच आपण त्या पुस्तकात, तर? आज म्हटलं, होऊन जाऊ दे.

वरच्या खोलीत दुपारचं ऊन लोळत पडलं होतं. टेबल, वेताची खुर्ची, भिंतभर पुस्तकं. उन्हात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की आपण झोपेतच चालत आलोय की काय, असं तिला वाटलं. माहिती सांगणारी मुलगी एका तरुण जोडप्याला काहीबाही दाखवत होती.

"बसा ना आजी खुर्चीत, सगळे बसतात," मुलगी म्हणाली.

ती बसली. मान वर केली. समोर पाण्याचा गंजका पाइप आणि वर आभाळाची चिंधी.

"इथून ती खिडकी दिसत नाही?"

"छे, खुर्चीतून नाही! आणि ते तर कायम इथंच बसून लिहायचे. मनानंच रचलं असणार हो सगळं."

वेडी गं वेडी, ती स्वतःलाच म्हणाली, कुणी पाहिलं नव्हतं तुला. डोळे भरून आले. मुलीला दिसू नये म्हणून ती उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

तिथून तिचं घर दिसत होतं. पडदे खोक्यात गेलेले, त्यामुळे आतलं सगळं उघडं. नवरा दोन कप हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होता. तोंड हलत होतं. तिला हाक मारत असावा. मग कप एका खोक्यावर ठेवून तो खिडकीशी आला. वारा लागतो म्हणून जन्मात कधी तिथं न फिरकलेला माणूस, कमरेपर्यंत बाहेर वाकला. रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा पाहायला लागला. समोर वर बघावं, हे काही त्याला सुचलं नाही.

हा चेहरा तिला घरात कधी दिसला नव्हता. ती घरात असताना तो तसा होतच नसणार.

"अय्या, त्या खिडकीत तर आजोबा आहेत!" जोडप्यातली मुलगी तिच्याशेजारी येऊन हसली. "कुणाला शोधतायत कोण जाणे."

"मला," ती म्हणाली. हाक मारायला वर उचललेला हात तिनं हळूच खाली घेतला आणि आणखी थोडा वेळ बघत राहिली.