दाढ भरलेलं विमान

मी एक जुना, अर्धवट सोडलेला संच आहे. प्लास्टिकच्या लढाऊ विमानाचा. मित्रांनो, फाटक्या छत्रीनं आणि बंद पडलेल्या घड्याळानं सांगितलेली कर्मकहाणी तुम्ही वाचली असेल. ती मंडळी रडकी. त्यांना निदान वापरून टाकलं. मला वापरायच्या आधीच टाकलं, तरी मी रडत नाही. मी फक्त नावं ठेवतो.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबतात, गार झालं की चौकटीला लोंबकळणारे सुटे भाग बाहेर येतात. पंख, शेपटी, चाकं, एक बसका वैमानिक. जन्मतःच तुकडे असण्यात मला कमीपणा वाटत नाही. तुम्ही अख्खे जन्मलात, पुढे काय दिवे लावलेत?

माझ्या खोक्यावर चित्र होतं. त्यात मी ढग फाडत निघालो होतो, खाली आग, मागे धूर. खोक्याच्या आत करड्या रंगाच्या काड्या. लग्नासाठी काढलेला फोटो आणि प्रत्यक्षातला नवरदेव यांत असतं, तेवढंच हे अंतर.

मला विकत घेतलं ते दातांच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्यानं. तेव्हा त्याचा हात बरा होता, डोकं बेताचं. एका सुट्टीत त्यानं माझं धड जोडलं, एक पंख चिकटवला आणि 'परीक्षा झाली की बघू' असं म्हणून मला कपाटावर टाकलं. परीक्षा झाली. लग्न झालं. तळमजल्यावर दवाखाना आणि वर घर असा थाट झाला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यानं दुसऱ्यांचे कोरून स्वतःचं इतकं भरलं की बुटाची नाडी बांधताना मध्ये दम खायला थांबावं लागे. मी मात्र वर एका पंखावर पडून होतो.

मग एक दिवस 'फरशी ओली आहे, सावकाश चाला' ही पाटी ठेवायला जाताना डॉक्टर त्याच फरशीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं थरथरतच राहिली. थरथरणारा न्हावी चालेल एक वेळ, केस पुन्हा येतात. थरथरणाऱ्या दंतवैद्यापुढे कोण तोंड उघडेल? खाली एका तरुण डॉक्टरला तात्पुरतं बसवलं. तात्पुरता माणूस आधी खुर्चीची उंची बदलतो, मग पडदे, मग विचारतो, "सर, दवाखाना मलाच देऊन टाकता का?"

"सोमवारी सांगतो," सर म्हणाले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की बोटांना बारीक काम द्या. म्हणून मी खाली आलो. प्रेमानं नव्हे मित्रांनो, औषध म्हणून. हात बसला तर डॉक्टर दवाखान्यात, नाहीतर किल्ल्या त्या पोराकडे. एवढी मोठी जबाबदारी कोणावर टाकली? ज्याला आजवर एकच पंख मिळाला त्याच्यावर!

रंगाच्या जुन्या बाटल्यांत खडे झाले होते. नव्या आल्या. डॉक्टर टेबलाशी बसले, एका हातात मला हवेत धरलं, दुसऱ्या हातात कुंचला, तोही हवेत. पोटाला आकाशी रंग द्यायचा होता. तो पोटाला लागला, टेबलाला लागला, चष्म्यालाही लागला. वैमानिकाचे डोळे रंगवताना एक डोळा कपाळावर गेला.

सासूबाई कोपऱ्यात गाल धरून बसल्या होत्या. त्यांची दाढ ठणकत होती. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "हा तुमचा पायलट मला डोळा मारतोय."

"आई, तू खाली त्या नव्या डॉक्टरला दाढ दाखव ना," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"त्याच्या हाती मी तोंड देणार नाही. तो मला आंटी म्हणतो."

दुसरा पंख बसवला तर धडाच्या आणि पंखाच्या मध्ये फट राहिली. शहाणी माणसं त्यासाठी दुकानातून पुट्टी आणतात. आमच्या साहेबांनी दवाखान्यातून दाढा भरायचा मसाला आणला. फटीत भरला आणि निळा दिवा धरून टणक केला. मला दातासारखी पांढरी बगल आली. तेवढ्यावर थांबले असते तर मी हे आत्मवृत्त सांगितलंच नसतं. पण त्यांना माझ्या नाकावर एक भोक दिसलं. गोल, स्वच्छ, बरोबर मधोमध. उभं आयुष्य भोकं बुजवण्यात गेलेल्या माणसाला भोक दिसलं की काय होतं? हात आपोआप चालला. मसाला भरला, दिवा धरला, वरून घासून गुळगुळीत केलं. मग समाधानानं मला टेबलावर ठेवून साहेब म्हणाले, "आता थोडा वेळ काही चावायचं नाही."

विमानाला!

बायकोनं खोक्यातला उरलेला भाग उचलला. तीन पात्यांचा, मागे दांडी असलेला. "अहो, हा पंखा कुठे लावायचा?"

डॉक्टरांनी पंख्याकडे पाहिलं. माझ्या नाकाकडे पाहिलं. मग पुन्हा पंख्याकडे.

"तुम्ही त्याची दाढ भरलीत?" बायको म्हणाली, आणि हसत हसत खालीच बसली. सासूबाई गाल धरून हसल्या, मग हसल्यामुळे कळवळल्या. हसले नाहीत फक्त दोघं, डॉक्टर आणि मी. माझं नाक बंद होतं.

"हात गेला होताच," डॉक्टर हळूच म्हणाले, "आता डोकंही चाललं. सोमवार कशाला, आजच त्या पोराला फोन करतो."

बायकोचं हसू जागच्या जागी थांबलं. "असं नका हो बोलू."

"बोलू नको तर काय करू? या हातानं कोणाच्या तोंडात जाऊ?"

तेव्हा सासूबाई उठल्या. "आधी त्या बिचाऱ्याचं नाक मोकळं करा," त्या म्हणाल्या. "चूक तुमची, श्वास त्याचा कोंडलाय. मसाला काढायचं यंत्र आहे ना खाली?"

बिचारा! मित्रांनो, एवढा अपमान कपाटावरही झाला नव्हता.

दुपारची वेळ होती, दवाखाना बंद. आमची वरात खाली गेली. डॉक्टरांनी मला रुग्णाच्या खुर्चीत आडवं केलं, सवयीनं छातीवर कागदी रुमाल अडकवला, मोठा दिवा डोळ्यांवर ओढला. ड्रिल हातात घेतलं. घसरल्यानंतर पहिल्यांदाच. टोक माझ्या नाकासमोर असं नाचू लागलं की माशीसुद्धा घाबरली असती. जोर जास्त झाला असता तर प्लास्टिक वितळून माझं नाकच गेलं असतं. आधीच रूप म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

आणि मग ती गोष्ट झाली. डॉक्टर खुर्चीशेजारी नेहमीच्या जागी बसले, तशी त्यांची अनामिका आपली आपण खाली उतरली आणि माझ्या पंखावर टेकली. दंतवैद्य असंच काम करतो. तो हात कधी अधांतरी ठेवत नाही. शेजारच्या दातावर बोट टेकवतो आणि मगच ड्रिल चालवतो. वर टेबलाशी हा गृहस्थ इतके दिवस मला हवेत धरून, कुंचला हवेत धरून, चित्रकाराचा आव आणत बसला होता. टेकण नव्हतं म्हणून तर सगळं थरथरत होतं.

बोट टेकलं. टोक नाचायचं थांबलं. घुर्र झालं, पांढरा भुगा उडाला आणि माझ्या नाकातून वारा गेला. भोक होतं तसं, गोल, स्वच्छ, बरोबर मधोमध. डॉक्टरांनी आपल्या बोटाकडे असं पाहिलं, जणू घरातून पळून गेलेला मुलगा दारात उभा आहे.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "बोट टेकलं की हात थांबतोय."

बायकोनं तोंडाला पदर लावला, पण या वेळी हसायला नव्हे.

"कौतुक मागून करा," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, विमानाची दाढ झाली असेल तर उठवा त्याला. माझा नंबर आहे." आणि खरोखरच त्यांनी मला उचलून थुंकायच्या भांड्याशेजारी ठेवलं, खुर्चीत आडव्या झाल्या आणि आ केला.

माझा पंखा बसवायचा राहिला. डोळा कपाळावरचा तिथेच राहिला. डॉक्टरांच्या हाताबद्दल आता कोणी विचारलं तरी बायको सांगते, "डॉक्टर आतच आहेत, बसा." तो तरुण डॉक्टर पडदे घेऊन गेला, ते बरंच झालं, घाणेरडे होते. मी औषधांच्या कपाटावर उभा असतो. घाबरलेली मुलं मला बघतात आणि विचारतात, "याच्या बगलेत काय झालंय?" डॉक्टर सांगतात, "हा चॉकलेट खाऊन ब्रश करत नव्हता." माझ्यावर इतका निर्लज्ज आळ आजवर कोणी घेतला नव्हता.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फारशी आशा नाही. तुम्हीही कोणाला तरी एका पंखावर कपाटावर टाकलं असेल. काढा त्याला खाली. हात थरथरला तर लाजू नका, लाजून रंग सरळ लागत नाही. बोट टेकायला जागा शोधा. ती जागा माझ्यासारख्या कोणाचा पंख असेल, तर काम झाल्यावर निदान पुसून ठेवा. माझ्या पंखावर त्या बोटाचा ठसा अजून आहे, आणि तो पुसायला आलेल्या माणसाकडे मी फार वाईट नजरेनं बघतो.